अंगठाभर जागा

ठमीने बूट घातलेला पाय फरशीवर टेकवला, बापाकडे पाहिलं आणि खाली बसून सरळ रांगायला लागली.

"बघितलंस? तळवेच सपाट आहेत तिचे," बाप म्हणाला. "पट्ट्या बसवणाऱ्याकडे उद्याची वेळ घेतलीये. बुटात कडक पट्ट्या बसवून घेऊ."

आईचं डोकंच फिरलं. गेल्या आठवड्यात हे बूट येईपर्यंत हीच पोर अनवाणी, दोन्ही हात वर धरून घरभर पळत होती. सव्वा वर्षाचं लेकरू ते! लस टोचताना डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं होतं, या वयात सगळ्यांचेच तळवे सपाट दिसतात, खाली चरबीची गादी असते, खोलगटपणा वर्षं जातील तसा चालून चालून येतो. पण ऐकतो कोण? नवरा चौदा वर्षं बुटांच्या दुकानात, तेही लहान मुलांच्या विभागात. त्याच्यापुढे डॉक्टर कोण लागून गेली?

"बूट लहान होतायत तिला."

"मला शिकवतेस?" त्याने गुडघ्यावर बसून बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं. "हे बघ. अंगठाभर जागा आहे."

त्या अंगठ्याचीच तिला चीड आली.

"अंगठेबहाद्दर," ती म्हणाली आणि शिलाई मशीनवरचा खाकी कागद ओढून घेतला. ती कपडे शिवायची. कागदावर उतरवल्याशिवाय कुठल्याही मापावर तिचा विश्वास नसे.

तिने ठमीचे बूट काढले. पावलांची बोटं लालबुंद होऊन आत वळलेली होती. तिने ती एकेक करून सोडवली, ठमीला कागदावर उभं केलं आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवली. गुदगुल्या होऊन ठमी खिदळली. मग आईने कात्रीने ते कागदी पाऊल कापून बुटात सरकवलं. पुढच्या टोकाला कागद दुमडला.

"बोटं आखडून घेते ती," आई म्हणाली. "म्हणून तुला जागा जाणवते. तुझ्या अंगठ्यासाठी जागा करून देते पोर, आणि तू तिच्याच पायात खोट काढतोस."

त्याने बुटात बोट घालून पाहिलं. कागद बाहेर काढून सरळ केला, पुन्हा घातला. पुन्हा दुमडला.

ठमी तोवर भिंतीला धरून उभी राहिली होती. मग भिंत सोडून, अनवाणी, डुलत डुलत दारापर्यंत गेली. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"परवा दुकानात एक बाई आली होती," तो म्हणाला. "बूट घातल्यापासून मुलगी रडत होती. मी दाबून बघितलं. म्हटलं, सवय होईल हो."

आईने कात्री मशीनवर ठेवली. तिचा राग अजून उतरला नव्हता.

सकाळी पट्ट्यांची वेळ रद्द करून दुकानात निघताना तो मशीनपाशी घुटमळला. खाकी कागदाची गुंडाळी त्याने आधीच काखोटीला मारली होती.

"कात्री देतेस?"

तिच्या कात्रीला घरात कुणी हात लावलेला तिला खपत नसे. तिने ती पुसली आणि मुठीकडून त्याच्यापुढे धरली.