विचारलं तर नाही म्हणायचं

इस्पितळाच्या दारातल्या पहारेकऱ्याने पिस्तूल उचलायच्या आत माईंनी सुनेच्या कपाळावरून ओला रुमाल फिरवला आणि त्याच्याच कोरड्या टोकाने कपाळ टिपून घेतलं. सगळं एका हाताने. दुसरा हात सुनेच्या कमरेला होता. ती पोटाशी दुमडली होती. सोडली असती तर तिथेच पायरीवर बसली असती.

"खोकला आला तर गीळ," माई तिच्या कानाशी म्हणाल्या. "आणि विचारलं तर नाही म्हणायचं. ताप नाही, खोकला नाही, घरात कुणी आजारी नाही."

"पण आई, ते..."

"पणबिण घरी गेल्यावर."

पहारेकऱ्याने पिस्तूल रोखलं. ताप मोजायचंच पिस्तूल, पण माणसाने माणसाच्या कपाळावर असं काही रोखावं हे माईंना साथ सुरू झाल्यापासून एकदाही पटलं नव्हतं. आकडा बरा आला. पहाटे दिलेली तापाची गोळी लागू पडली होती. पोटाचं आणि उलट्यांचं त्यानंतर सुरू झालं, नाहीतर गोळीही पोटात टिकली नसती.

ताप असला की इस्पितळाच्या दारातूनच परत लावतात, हे माईंना पक्कं ठाऊक होतं. शेजारणीच्या नणंदेच्या जावेला असंच परत लावलं होतं, निदान त्या जावेने कुणाला तरी तसं सांगितलं होतं. सून दोन दिवस तापाने फणफणलेली, कोरडा खोकला, जेवणाची चव गेलेली. ते घरातल्या घरात निभावलं असतं. पण पोटाचं दुखणं काढा देऊन थांबेना, तेव्हा माईंनी नातवाला शेजारणीकडे टाकलं आणि रिक्षा बोलावली.

सर्जन उंच होता, वाकून बोलायचा. त्याने सुनेच्या पोटावर हात ठेवला, एक्स-रेचा फोटो पाहिला आणि माईंना बाजूला घेतलं.

"आधीचं बाळंतपण सिझेरियन होतं ना? तिथे आत चिकटलेलं असतं. त्यात आतडं अडकून पीळ बसलाय. तेवढ्या भागाला रक्त पोचत नाहीये. लगेच उघडावं लागेल. जितका उशीर, तितकं जास्त कापावं लागणार. फारच उशीर झाला तर..."

"पुढचं मला कळतं," माई म्हणाल्या. "मग तुम्ही इथे माझ्याशी गप्पा का मारताय?"

सुनेला आत नेताना ढकलगाडीवरून तिने मान वळवून पाहिलं. माईंनी भुवया उचलून बजावलं. सुनेने मान पुन्हा सरळ केली आणि दार आपोआप मिटलं.

बाहेरच्या खोलीत एकाआड एक खुर्चीवर चिकटपट्टीची फुली मारली होती. माई नेमक्या फुलीवर बसल्या. ती जागा रिकामी होती, एवढंच त्यांना दिसलं. पलीकडच्या माणसाने काही बोलायला तोंड उघडलं, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मिटलं. घराच्या आसपास माईंना पाठीमागे 'फौजदार' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि फारसं नावडतही नव्हतं.

मुलाचा फोन आला. तो ट्रक घेऊन दोन जिल्ह्यांपलीकडे नाक्यावर अडकला होता.

"डॉक्टरांना तापाचं सांगितलंस ना?"

"तू तुझी गाडी सांभाळ."

"आई, सांगितलंस का?"

"रेंज नाही इथे," माई म्हणाल्या आणि फोन पिशवीत टाकला.

आतून एक किरकोळ अंगाची मुलगी आली. मास्कच्या कडेने नाकावर वळ उठले होते. तिने खुर्चीवरची फुली पाहिली.

"आजी, मी भूल देणारी डॉक्टर. तुमच्या सुनेला..."

"आजी मी घरी."

"बरं. काकू. भूल देण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारते. घरात कुणाला ताप, खोकला, श्वासाचा त्रास?"

"नाही."

"तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?"

डॉक्टरने मान हलवली. तिच्या विचारण्यात घाई नव्हती. याचाच माईंना राग आला.

"पोरीच्या पोटात पीळ बसलाय म्हणता आणि अजून सुरुवातच नाही. काय चाललंय आत?"

"तयारी चालू आहे. तुमची सून घाबरलीय थोडी. विचारत होती की कळेल का, दुखेल का. मी म्हटलं, मी शेवटपर्यंत तुझ्या उशाशीच असणार. घशात श्वासाची नळी घालेन, तेव्हा माझं तोंड अगदी तिच्या तोंडाजवळ असेल. एकटी नसणार ती."

"तोंडाजवळ म्हणजे?"

डॉक्टरने एक तळहात दुसऱ्यासमोर उभा धरला. मध्ये फार तर एक वीत.

माई त्या वितीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या पिशवीचा बंद मघापासून बोटाभोवती गुंडाळला जात होता. आता तो आणखी आवळला आणि बोटाचं टोक पांढरं पडलं. सांगितलं तर गाडी उलटी फिरेल. पुन्हा रिक्षा, दुसरं इस्पितळ, नवा डॉक्टर, आणि तोवर आत काळं पडत जाणारं आतडं. न सांगितलं तर ही काडीसारखी मुलगी तोंड खाली करून सुनेचा श्वास अंगावर घेणार.

"तुझ्या घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"आई. दम्याची आहे. हल्ली मी वरच्या खोलीत राहते, ती खालून ओरडते." डॉक्टरचे डोळे हसले. "तुमच्यासारखीच आहे थोडी."

"म्हणजे शहाणी आहे."

"हो."

माईंनी बंद सोडला. बोटावर लाल वळ उमटला होता.

"तिला ताप आहे," त्या म्हणाल्या. "दोन दिवस. खोकलाही आहे. दारात मी कपाळ पुसलं तिचं. गोळीही मीच दिली पहाटे. तिचा काही दोष नाही, तिला मी दम दिला होता." आणि लगेच, आवाज चढवून, "पण म्हणून तिला बाहेर काढाल तर याद राखा. मी इथून उठणार नाही. दारात आडवी पडेन."

"कुणी बाहेर काढत नाही, काकू. ताप असला तरी ऑपरेशन करतो आम्ही. फक्त वेगळ्या खोलीत आणि वेगळे कपडे घालून. ते मोजके आहेत, म्हणून तापाच्या पेशंटसाठी राखून ठेवतो."

"मग घाला ना! उभी काय राहिलीस? घालायला वेळ लागत असेल की."

"लागतो. घाईघाईत घालून चालत नाही. एकजण घालतो, दुसरा तपासतो." डॉक्टर थांबली. "माझाच सूट राहिलाय आता."

माई उठल्या. मिटलेल्या दाराला वरच्या बाजूला काचेची चौकोनी पट्टी होती. टाचा उंचावून त्यांनी पाहिलं. लांब बोळाच्या टोकाला तो उंच सर्जन डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये उभा होता. एवढ्या झाकपाकीत कोण कोण ते ओळखू यावं म्हणून छातीवर जाड पेनाने काहीतरी लिहिलेलं. हातमोज्यांच्या कडा मनगटाला चिकटपट्टीने बंद केलेल्या. त्याच्यासमोर तशीच एक सिस्टर त्याला एका जागी गोल फिरवून कुठे उघडं राहिलंय का ते न्याहाळत होती. हे काही आत्ता सुरू झालेलं काम नव्हतं.

माई टाचांवरून खाली आल्या.

"मी तर तुला आत्ता सांगितलं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने मास्कची कडा नाकावर नीट दाबली.

"सून आधीच बोलली का?"

"पेशंट आमच्याशी जे बोलतो ना काकू, ते आमच्यापाशी राहतं." तिने वळता वळता बोट दाखवलं. "तुम्ही त्या कोपऱ्यातल्या खोलीत बसा. तुमचीही तपासणी होईल. आणि फुली नसलेल्या खुर्चीवर बसा."

पाच वर्षांत सुनेने त्यांचा शब्द मोडला नव्हता. मिठाचा डबा कुठल्या फळीवर ठेवायचा इथपासून नातवाचे केस कधी कापायचे इथपर्यंत. माई कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या, फुली नसलेली खुर्ची शोधून बसल्या. तपासणीवाल्याने नाकात काडी घातली तेव्हा त्याला एक शब्दही ऐकवला नाही.

ऊन खिडकीच्या पलीकडच्या बाजूला गेलं तेव्हा सर्जन आला. दारातच, लांब उभा राहून बोलला. अंगात आता साधे कपडे होते आणि केस आंघोळ केल्यासारखे ओले.

"पीळ सुटला. थोडं आतडं काढावं लागलं, पण फार नाही. अजून उशीर झाला असता तर वेगळं सांगावं लागलं असतं."

"आणि ती मुलगी? भूल देणारी?"

सर्जनला प्रश्न अपेक्षित नसावा. "ती ठीक आहे. आत सूट उतरवतेय. तेही हळूच करावं लागतं."

"करू दे सावकाश," माई म्हणाल्या. "घाई कसली आहे."

सुनेला वेगळ्या वॉर्डात ठेवलं होतं. तिथे कुणालाच जाता येत नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला त्या वॉर्डातली सिस्टर दाराशी आली.

"शुद्धीवर आल्यात. पाणी मागितलं, ते देता येत नाही अजून. मग विचारलं की आई रागावल्यात का."

"कशाबद्दल?"

"ते नाही बोलल्या. नुसतं विचारलं आणि डोळे मिटून घेतले."

माईंनी मांडीवरची पिशवी उगाच नीट केली.

"तिला म्हणावं," त्या म्हणाल्या, "तापाचं मी डॉक्टरांना सांगून टाकलं. मला वाटलं, सांगावं. तिने आता ते मनात ठेवून कुढत बसू नये."

"एवढंच सांगू?"

"एवढंच. आणि जा लवकर, झोप लागायच्या आत."