त्यांची पत्री

डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात कलावतीबाईंचा पलंग चार दिवसांपासून कागदांनी अडवला होता. लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, औषधाच्या खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे, एका जुन्या वहीची सुटी झालेली पानं. जिथं कोरी बाजू दिसली तिथं बाईंनी पन्नास वर्षांत काही ना काही लिहून ठेवलं होतं. सून देवयानी साताऱ्याकडची, बँकेत नोकरीला. कागद दिसला की तो फाइलला लावल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. तिने मे महिन्यात आठ दिवसांची रजा काढली ती खास यासाठीच. सासूबाईंच्या हातचं सगळं एका पुस्तकात उतरवायचं, छापून घ्यायचं आणि नारळी पौर्णिमेला ठाण्याच्या कोळीवाड्यात सगळी भावकी जमते तेव्हा घरोघरी एकेक प्रत द्यायची.

पलंगावर तिने गठ्ठे पाडले होते. मासळीचा सर्वांत उंच. त्याच्याशेजारी भाकऱ्या-वड्यांचा, मग गोडाचा, साठवणीचा. उशाशी एक लहान गठ्ठा होता, त्यावर तिने चिठ्ठी लावली होती, ‘आईंना विचारणे’. त्यात काय नव्हतं? ‘मागच्यासारखं करावे पण पातळ’ एवढंच लिहिलेला एक कागद होता. एकावर नुसतंच ‘हिंग विसरू नये’. कशात, ते देव जाणे. बाई एकेक हातात घेऊन हसत, आठवून सांगत, आणि देवयानी लॅपटॉपवर टिपून घेई.

एका कागदापाशी मात्र बाईंचं हसू थांबायचं. तो होता सासूबाईंच्या मसाल्याचा.

लग्न होऊन बाई कोळीवाड्यात आल्या तेव्हा घरातल्या सुनांमध्ये सातवी पास झालेल्या त्या एकट्याच. तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी त्यांना अंगणात बसवलं आणि म्हणाल्या, लिही. मिरच्या तीन जातीच्या, धणे, लवंग, नागकेशर, तिरफळ असं सांगत सांगत शेवटी म्हणाल्या, ‘आणि त्यांची पत्री मूठभर.’ ‘त्यांची’ म्हणजे सासऱ्यांची, हे कळायला सातवीसुद्धा लागत नव्हती. सासरे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, सगळा वाडा त्यांना तांडेलच म्हणायचा. जेवायला बसले की त्यांचं रोजचं एकच वाक्य, आज मीठ जरा कमी पडलं. बंदराला लागणाऱ्या मलबारी लोकांशी त्यांची उठबस होती. आणत असतील तिकडून कसलासा पाला, असं वाटून नव्या सुनेने ‘त्यांची पत्री’ असं जसंच्या तसं लिहिलं. कसली पत्री, हे विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती आणि गरजही नव्हती, कारण मसाला कांडायला सासूबाई होत्या, पुढे थोरल्या जाऊबाई होत्या. बाई नवऱ्याच्या नोकरीपायी डोंबिवलीला आल्या तरी दर उन्हाळ्यात कोळीवाड्यातून बरणी येतच राहिली.

जाऊबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या बरणीत आता तळाला दोन चमचे उरले होते. झाकण काढून बाई नुसता वास घेत आणि परत लावून टाकत.

घरात लिहिता येणारी मी एकटी, माझ्या भरवशावर त्या माउलीने सांगितलं आणि मीच विचारलं नाही, हे त्यांना आतून खात होतं. पुस्तकात बाकी हजार गोष्टी आल्या आणि हा मसाला चुकला तर ते पुस्तक कोणत्या तोंडाने वाटायचं?

शोध सगळीकडे घेऊन झाला होता. कल्याणच्या बाजारात मसालेवाल्याला पत्री विचारली तर तो म्हणाला, मावशी, पत्री भाद्रपदात, तीही फुलवाल्याकडे. बाईंना त्याचा राग आला, देवयानीला हसू. मग विठ्ठलवाडीला मालूवन्सांना फोन केला. मालूवन्स म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण, वय ब्याऐंशी, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. बाईंनी विचारलं, मामंजी बंदरावरून मसाल्यासाठी कसला पाला आणायचे? वन्स म्हणाल्या, माझ्या बापाने जन्मात तंबाखूशिवाय दुसरा पाला घरात आणला नाही. विषय संपला.

शेवटी बाईंनीच धीर केला. पत्री म्हणजे जायपत्री असणार, असं ठरवून अर्धा किलो मिरच्यांचा मसाला कांडून आणला, त्यात जायपत्री मूठभर. त्या मसाल्यातलं बोंबलाचं कालवण डब्यात घालून देवयानी विठ्ठलवाडीला देऊन आली. ती घरी पोहोचायच्या आत फोन वाजला. वन्सांनी एवढंच विचारलं, “कला, कालवण पाठवलंस का काढा? खोकला तर नाय मना.”

बाईही हसल्या, पण त्या दिवशी त्यांनी बरणीचं झाकण उघडलं नाही.

रजेच्या सहाव्या दिवशी देवयानी गोडाच्या गठ्ठ्याशी आली. एका लग्नपत्रिकेमागे लिहिलं होतं, ‘त्यांच्या फळाचा गर, आटवलेल्या दुधात, दूध निवल्यावर घालणे.’ तिने तो कागद ‘विचारणे’त टाकायला उचलला. बाई म्हणाल्या, त्यात विचारायचं काय, ते आपल्या परसातलं झाड. मामंजींनी लावलेलं, म्हणून त्यांचं फळ. सासूबाई तसंच म्हणायच्या.

देवयानीने विचारलं, पण फळ कुठलं?

बाई सांगू लागल्या. सीताफळासारखंच, पण डोळे नसलेलं, गुळगुळीत, तांबूस सालीचं. बिया कमी, गर रवाळ. आम्ही आपलं लाल सीताफळ म्हणायचो.

“आई, ते रामफळ,” देवयानी म्हणाली. “आमच्याकडे सगळे रामफळच म्हणतात. तुम्ही का नाही म्हणत?”

पलंगाच्या कडेवर हात टेकून बाई तशाच बसल्या. देवयानीला वाटलं, चक्कर आली की काय. ती पाणी आणायला उठली. बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

“मामंजींचं नाव काय होतं, माहीत आहे तुला?”

देवयानीला ठाऊक नव्हतं. तिने तांडेल एवढंच ऐकलं होतं. आता गंमत अशी, की बाईंनाही ते सांगता येईना. जे नाव लग्न झाल्यापासून एकदाही तोंडातून गेलं नाही ते ओठाशी येऊन अडलं. मग त्यांनी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बोट केलं. तसबिरीत धनुष्यधारी उभे होते, शेजारी सीता, पायाशी मारुती.

देवयानीने तसबीर पाहिली. मग हातातली पत्रिका पाहिली. मग झटकन ‘विचारणे’चा गठ्ठा उपसून मसाल्याचा कागद काढला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांचं फळ. त्यांची पत्री.

तिने लॅपटॉपवर काहीतरी बडवलं आणि पडदा सासूबाईंकडे फिरवला. रामपत्री. मसाल्याचा जिन्नस, जायपत्रीच्या नात्यातली, रंगाने गडद आणि वासाला सौम्य.

बाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं, पदर तोंडाला लावला, तरी हसतच होत्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या माउलीने मसाल्याच्या जिनसालाही नावाने हाक मारली नव्हती. आणि ही शिकलेली सून पन्नास वर्षं समजत राहिली, की सासरा बंदरावरून पाला आणतो.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा कल्याणला गेल्या. मसालेवाल्याने त्यांना ओळखलं आणि भाद्रपदाला अजून वेळ आहे म्हणाला. देवयानी मुद्दाम गप्प राहिली. बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, जणू मामंजी पलीकडच्या दुकानातून ऐकत असावेत. मग मान खाली घालून त्या पुटपुटल्या, “रामपत्री द्या.” त्याने मागचा डबा काढला, मूठभर कागदावर ओतली आणि म्हणाला, मग हेच सांगायचं होतं ना मावशी. बाईंनी वास घेतला आणि कागद देवयानीच्या नाकाशी धरला.

मसाला कांडून आला. रविवारी वन्स स्वतःच रिक्षा करून आल्या. पुन्हा काढा पाठवाल, समोरच खाते, म्हणाल्या. बोंबलाचं कालवण आणि भात पुढे आला. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. वन्सांनी डोळे उघडले, भाताचा ढीग मध्ये फोडला आणि वाटी पुढे सरकवली.

“आयचा आहे,” त्या म्हणाल्या. “घाल अजून.”

जेवणं आटोपल्यावर त्यांना पत्रीची सगळी हकीकत कळली, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मला पाला काय विचारता, कागद वाचून दाखवला असता तर मी एका क्षणात सांगितलं असतं. आय तर नवमीलासुद्धा ‘त्यांची नवमी’ म्हणायची, आणि आम्ही पोरं मागून हसायचो.

देवयानी लॅपटॉप घेऊन बसली. पुस्तकात काय लिहायचं? वन्सांचं म्हणणं, आय बोलली तसंच छापा, ‘त्यांची पत्री’, वाचून आय डोळ्यांसमोर उभी राहते. बाईंनाही क्षणभर तेच गोड वाटलं. पण मग त्यांनी मान हलवली. देवयानीच्या मुलीने, सान्वीने, उद्या हा मसाला करायला घेतला तर तिने त्यांना शोधत कुठं बंदरावर जायचं?

देवयानीने जुना कागद तसाच फोटो काढून पानावर घेतला होता, खाली जागा मोकळी सोडून. बाईंनी पेन मागून घेतलं. त्या जागेत घालायला एका कोऱ्या चिठ्ठीवर, शाळेत गिरवावं तशी ठसठशीत अक्षरं काढून त्यांनी लिहिलं: ‘म्हणजे रामपत्री. कलावती.’

वन्स चष्मा वर सारून बघत होत्या. “लिहिलंस की गो सासऱ्याचं नाव. आता तांडेल काय बोलेल?”

“बोलतील काय,” कलावतीबाई पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, “आज मीठ जरा कमी पडलं म्हणतील.”