मस्तगडच्या जिनिंगचा बंब

मी एक जुना बंब आहे. न्हाणीत पाणी तापवतो तो नव्हे. आग विझवणारा, हाताने चालवायचा. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसली आली घालमेल? पण ज्याचं काम कधी निघेल याचा नेम नाही, त्याला स्वस्थ बसवत नाही. वाऱ्याने पत्रा वाजला तरी मला वाटे, आली वेळ.

निजामाचं राज्य होतं. जालन्यात मस्तगडाजवळ शिवनारायणशेठांची जिनिंग होती, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. कापूस आणि आग यांचं वैर जुनं, म्हणून शेठांनी मला मुंबईहून मागवलं. मला चार चाकं, दोन्ही अंगांना लांब दांडे, पोटात पितळी नळकांडी. पुढे किंतानाची जाड नळी आणि तिच्या टोकाला निमुळतं पितळी तोंड. पहिल्या दिवशी माझी धार छपरावरून पलीकडे गेली, तेव्हा सारी जिनिंग माना वर करून बघत राहिली.

माझी निगा मच्छिंद्र राखायचा. नळकांड्यांतल्या चामड्याच्या वाट्यांना तो तेल पाजायचा. कापूस निवडणाऱ्या चतुराबाईने एकदा त्याला विचारलं, "पानी इतकं लांब कसं काय जातं, भाऊ?"

"जाड नळीतून जेवढं पानी येतं, तेवढंच बारक्या तोंडातून भाईर पडायला पायजे," मच्छिंद्र म्हणाला. "वाट आवळली की त्याला पळावंच लागतं, बाई."

वर्षं गेली. आग काही लागली नाही. मग शेठांच्या मुलाचं, गोपीकिशनचं लग्न निघालं आणि बागेतल्या कारंज्यासाठी माझं पितळी तोंड काढून नेलं. मच्छिंद्र दोनतीनदा मागायला गेला.

"आग लागली का? मग जल्दी कशाची?" शेठ हसून म्हणाले.

तेलाचा खर्चही बंद झाला. माझ्या वाट्या सुकून आकसल्या, चाकांना गंज चढला. मी मात्र रोज कान देऊन उभा होतो.

एका तापल्या दुपारी कापसाबरोबर खडा यंत्रात गेला. लोखंडावर घासला, ठिणगी उडाली, आणि बघता बघता अंगणातल्या कापसाच्या गंजीने पेट घेतला. गंजीमागच्या छपरात बायकांनी लेकरांच्या झोळ्या टांगल्या होत्या. बाकीच्या बायकांनी आपापली लेकरं ओढून काढली. चतुराबाई सरकीच्या गोदामातून धावत आली तोवर वाटेत ज्वाळा होत्या. आत तिची मुलगी होती आणि तिच्यासोबत गोदामात काम करणाऱ्या साळूबाईचं तान्हं.

माणसं मला ढकलू लागली. उभी वस्तू उभीच राहू पाहते. मी जागचा हलेना. सगळ्यांनी खांदे लावले तेव्हा कुठे चाकं फिरली. पण पाण्याच्या हौदाकडे उतार होता. आता मी थांबेना! माझं वजन तेवढंच, पण वेग वाढला तसं मला आवरणं जड गेलं. मच्छिंद्रने चाकाखाली लाकूड सारलं म्हणून मी हौदाच्या कडेशी थांबलो.

माझी मागची नळी हौदात सोडली आणि दांडे खालीवर होऊ लागले. पाणी येईना. सुकल्या वाट्यांच्या कडेने हवा आत शिरत होती. आतली हवा निघून गेली तरच बाहेरची हवा हौदातलं पाणी दाबून वर चढवते. लेकरू रडत होतं आणि मी नुसता धापा टाकत होतो. मच्छिंद्रने वरून बादली ओतली. चामडं भिजलं, फुगलं, नळकांड्याला चिकटलं. पुढच्या दाबाला पाणी आलं.

पण पितळी तोंड नव्हतं. पाणी भसाभसा पायापाशीच पडायचं. मच्छिंद्रने दोन्ही हातांनी नळीचं तोंड आवळलं तशी धार सुटली, आणि पाणी पुढे गेलं त्या जोरानेच नळीने त्याला मागे रेटलं. तो पडणार, तेवढ्यात कुणीतरी पाठीला पाठ लावली. शिवनारायणशेठ होते. पगडी कुठे पडली त्यांना ठाऊक नव्हतं.

चतुराबाई धारेपुढे येऊन उभी राहिली. "आधी मला भिजवा."

"बाई, आत जाऊ नको," शेठ म्हणाले.

"माझी लेक हाये तिथं. भिजवा मला."

मच्छिंद्रने तिला डोक्यापासून भिजवलं आणि धार तिच्यापुढे वाटेवर धरली. ती वाकून आत गेली. माझे दांडे जिवाच्या आकांताने चालले होते. छपराची एक कड खाली आली. मग धुरातून ती बाहेर पडली. एक लेकरू काखेत, एक पदरात. दोन्ही रडत होती. तो आवाज ऐकून मच्छिंद्रही रडला, पण त्याने नळी सोडली नाही.

कापूस सगळा गेला. संध्याकाळी शेठ स्वतः बागेतून माझं तोंड घेऊन आले. मच्छिंद्रच्या सालटं निघालेल्या हातांकडे त्यांना बघवेना.

"मीच नेलं होतं," ते म्हणाले.

"आता लावून ठिवतो, शेठ. उद्या दाबून पाहू, बराबर चालतो का."

मित्रांनो, काही वस्तू वर्षानुवर्षं उभ्याच दिसतात; त्या निकामी नसतात. त्यांची निगा गरजेच्या दिवशी राखता येत नाही, आदल्या दिवशीच राखावी लागते. तुमच्या घरी, शाळेत अशी वस्तू असेल तर तिला तेलपाणी करा, चालवून बघा. आणि वाईट दिवसासाठी ठेवलेल्या वस्तूचा एखादा भाग चांगल्या दिवसाच्या हौसेसाठी काढून नेऊ नका.