प्रतिज्ञा राहिल्या

पितळी तांब्या द्वारकाच्या कानशिलावर बसला आणि फरशीवर गडगडत मोरीपर्यंत गेला.

“पुन्हा म्हणशील लग्न मोडा?” दिनकर धापा टाकत होता. “इथं जयपुरात आपल्या समाजाची घरं किती, त्यात माझं नाव काय! आन् तू लेकीच्या लग्नाच्या दिवशीच माझं नाक कापून राहिली?”

नाव होतंच त्याचं. रेल्वेतली नोकरी सांभाळून तो बौद्धाचार्य झाला होता. वर्ध्या-नागपुराहून बदलीवर आलेल्या कुटुंबांची लग्नं तोच लावायचा. नवरदेवाकडून पाच प्रतिज्ञा अशा आवाजात वदवून घ्यायचा की बायका डोळ्यांना पदर लावत. घरी मात्र त्याच तोंडानं शिव्या आणि वर मार. द्वारकानं आजवर मुकाट सोसलं होतं. पण परवा तिला उत्कर्षाच्या मनगटावर काळेनिळे वण दिसले. होणाऱ्या जावयानं, राजरत्ननं, ते मनगट पिरगळलं होतं.

“गुस्सा आला त्याला. मतलब, माझंच चुकलं,” पोरगी म्हणाली होती. “लगेच सॉरी पण बोलला, आई. आपल्यातला इतका चांगला मुलगा इथे परत मिळणार आहे का?”

लग्नाआधी द्वारकानंही आपल्या आईला अस्संच समजावलं होतं.

दुपारी लग्नाला दुर्गापुऱ्याच्या समाजभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. सुजलेला कान द्वारकानं केसांखाली झाकला होता. शेजारी चारुलता बसली होती. दोघींच्या क्वार्टरांची भिंत एकच. चारुलताला सगळं ऐकू यायचं, पण बाईनं कधी अवाक्षर काढलं नव्हतं. समोर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे उत्कर्षा उभी होती. सांगानेरी छापाची पांढरी साडी, गळ्यात हार, आणि वणांवर ओढून घेतलेल्या बांगड्या.

“म्हणा,” दिनकर माइकवर म्हणाला, “मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन.”

राजरत्न म्हणाला.

“मी तिचा अपमान करणार नाही.”

तेही त्यानं खणखणीत म्हटलं. जीभ म्हणून अडखळली नाही मेल्याची!

द्वारका उठली. मंचावर चढून तिनं लेकीचा हात धरला, बांगड्या वर सारल्या आणि तो हात सगळ्यांसमोर उंच केला.

“हा बघा याचा सन्मान,” ती म्हणाली. “मी हे लग्न होऊ देणार नाही.”

दिनकरचा हात उठला. इतक्या वर्षांची सवय. समोर माणसं बसलीत हे त्या हाताला कुठून कळणार! चपराक माइकनं उचलली आणि सबंध भवनात वाजली. द्वारका प्रतिमांच्या टेबलावर आदळली. मेणबत्त्या आडव्या झाल्या, तिचा ओठ फुटला, रक्त पदरावर गळू लागलं. एवढ्या माणसांत कुणी जागचं हललं नाही.

उत्कर्षानं बापाकडे पाहिलंच नाही. ती राजरत्नकडे पाहत होती. तो गळ्यातला हार सरळ करत होता.

“आंटीजींना बाजूला बसवा ना कोणी,” तो हळूच म्हणाला. “सगळे फोटो खराब होऊन राहिले, यार.”

उत्कर्षानं आपला हार काढून टेबलावर ठेवला. पडलेली मेणबत्ती उभी केली. मग आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

“चल, आई.”

“कुठं चालली?” दिनकर ओरडला. माइक अजून चालूच होता. “मागं फिर! प्रतिज्ञा राहिल्या!”

दोघी पायऱ्या उतरल्या. दाराबाहेर चपलांचा हा ढीग पडलेला. आता यात आपल्या कुठं शोधायच्या, एवढंच द्वारकाच्या मनात येत होतं.

पण तिथं चारुलता आधीच वाकलेली होती. द्वारकाच्या चपला तिनं ढिगातून काढून रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या होत्या, आणि आता ती स्वतःच्या शोधत होती.