केसपेपरची खिडकी

केसपेपरच्या खिडकीमागच्या खुर्चीत कडुबानं बूड टेकवलं ते असं, की जणू निजामानं दवाखाना जहागिरीतच लिहून दिलाय. बाहेर रांगेत डॉक्टर, सिस्टर आणि वॉर्डबॉय. आज उलटा खेळ होता. पेशंटकडच्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी एकमेकांच्या जागी बसून पाहायचं आणि दवाखान्यात काय बदलायचं ते मिळून ठरवायचं.

करमाडहून पहिल्या एस.टी.नं आलेला हा म्हातारा खेळायला मात्र आला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी याच खिडकीबाहेर, केसपेपर निघेस्तोवर, त्याच्या बायकोनं, गीताबाईनं, स्ट्रेचरवर प्राण सोडला होता. तेव्हा आत बसला होता कारकून शिवम. आज चारचौघांत त्याच्याकडं बोट दाखवायचं आणि या खुर्चीतून त्याला कायमचं उठवायचं, एवढंच कडुबानं ठरवलं होतं. शिवम काम दाखवायला त्याच्या मागंच उभा होता.

काचेवर आतून सूचनांचे कागद चिकटवलेले. इतके, की माशीला डोकावायचं झालं तरी अर्ज करावा लागावा. खाली हात जाईल एवढं भोक.

भोकातून एक हात आत आला.

"दादा, लवकर करा हो! माझा माणूस चाललाय!"

करुणा सिस्टर पेशंटची बायको झाली होती. रांग खिदळली.

"नाव?" कडुबा गुरगुरला. "वय? आधार कार्ड कुठंय?"

"दादा, बघा तरी!"

कडुबानं मान वर केली. समोर कागदांच्या कोऱ्या पाठी. तो भोकाशी वाकला. एक मनगट दिसलं. स्ट्रेचर नाही, माणूस नाही, तोंड नाही.

शिवमकडं दाखवायला उचललेलं बोट टेबलावर उतरलं.

"तुला तर कायबी दिसत नव्हतं रे," मागं न वळता तो म्हणाला.

शिवम त्याच्या कानाशी वाकला.

"कागद मीच लावलेत, काका. रोज कुणी ना कुणी तळमळायचं समोर. बघवंना मला."

बाहेर हशा ओसरला होता. करुणा सिस्टरनं वही उघडली.

"बोला काका, लिहून घेते. काय काय बदलायचं?"

कडुबानं एका कागदाच्या कोपऱ्यात नख घातलं. कागद टरकन फाटला आणि त्या फटीतून रांगेतला पहिला चेहरा आत आला.

"हे समदे काढा," तो म्हणाला. "अन् ह्याला हितून कुठंच हलवू नका."