सहीपुढचा ठिपका

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्रवचन संपलं की चर्चमधली वही उघडायची. एका घराला एक पान. आधी घरच्या पुरुषाची सही, मग बायकोची, मग सतरा पूर्ण झालेल्या मुलांची. पुरुषाने केली नाही तर खालच्या कोणालाच करता येत नसे, पान तसंच मिटायचं. माथ्यावर मजकूर ठरलेला: देवाने पृथ्वी सहा दिवसांत घडवली, त्याला सहा हजारांच्या आसपास वर्षं झाली.

व्हर्लिन स्टँपर त्याखाली एकोणीस वर्षं सही करत आला होता. चर्चच्याच शाळेत तो विज्ञान शिकवायचा, चर्चच्याच घरात राहायचा, आणि चर्चचा पाळक होबर्ट त्याचा सासरा. माणसाला ठोकून ठेवायला लागतात तेवढे सगळे खिळे होते.

शाळेच्या वाटेवर रस्त्यासाठी डोंगर कापला होता. त्यात कोळशाचे सात थर, आणि प्रत्येक थराखालच्या मातीत झाडांची मुळं जशीच्या तशी. गेल्या वर्षी लेकीने, लव्हिसाने, गाडीत विचारलं होतं, "पप्पा, बायबलातल्या त्या एका पुरात एकावर एक सात जंगलं उगवतील कशी?"

त्याने गाडी बाजूला घेतली आणि खरं काय ते सांगून टाकलं. तीस कोटी वर्षं. पोरीचा चेहरा असा उजळला की त्याला धास्तीच वाटली.

जुलैत लव्हिसाला सतरा पूर्ण झाली. पुढच्या वर्षी ती लांबच्या कॉलेजात भूशास्त्र शिकायला जाणार होती. तिने तरी या वहीत खोटं लिहू नये, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून यंदा आपण सही करायचीच नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं. नोकरी जाईल, घर जाईल. जाऊ दे.

"या जावईबापू," होबर्टने हाक मारली. "मागे कोंबडी गार होतेय."

व्हर्लिन वहीपुढे उभा राहिला. पेन हातात घेतलं आणि हात थबकला.

"काय रे, नाव विसरलास की काय स्वतःचं?"

लोक हसले. पियानोवर बसलेली त्याची बायको ओर्फा वाजवायची थांबली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. होबर्ट जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "उद्या शाळा उघडतेय, व्हर्लिन."

दम दिला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. व्हर्लिनने सही केली. त्याला स्वतःची किळस आली.

मग दरवर्षीसारखाच सहीपुढे एक बारीक ठिपका दिला. हे खरं नाही, एवढाच त्या ठिपक्याचा अर्थ. त्याची सगळी मर्दुमकी त्या ठिपक्यात होती. आणखी कोणाला कळलं नाही तरी देवाला कळतं, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

ओर्फा येऊन सही करून गेली. लव्हिसा पुढे आली.

"तू नको करूस," तो कुजबुजला. "बरं वाटत नाही म्हण."

"तुम्ही केलीत ना?"

तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मग पेनाचं टोक तिथेच टेकवून एक ठिपका दिला, त्याच्याइतकाच बारीक.

"लहानपणापासून बघतेय, पप्पा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मोठी माणसं खरं बोलतात ते असंच, असं वाटायचं मला."

होबर्टने नातीच्या पाठीवर थाप मारली, वही मिटली आणि सगळ्यांना जेवायला चला म्हणाला.