खोली रिकामी

"लाइट बंद करजो वं अंकिता! भुतायले उजेड दाखून राह्यली का?"

मी चौथीत होते तेव्हापासून आई स्वयंपाकघरातून हेच ओरडायची. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली, तेव्हा मी हाच विषय निवडला. खोलीत माणूस असला की दिवा लागेल, नसला की आपला आपण विझेल. पाहायला आई मात्र राहिली नाही. वैशाखात एका दुपारी ओट्यापाशी पडली, ती उठलीच नाही. तिच्यामागं घरातला आवाजही गेला. भांडीसुद्धा हळू वाजायला लागली.

सोमवारी परीक्षक यायचे होते. पिपरी मेघे गावातल्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत, दिवेलागणीला मी यंत्र बसवून पाहिलं. मी त्याच्या नजरेबाहेर, दाराआड उभी राहिले. बाबा येऊन खाटेवर बसले. दिवा लागला. दोन मिनिटांनी विझला. छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: खोली रिकामी.

सेन्सर बदलला. पुन्हा तेच. प्रोजेक्टमधला माझा जोडीदार अश्वजित आला, त्यानं नुसता हात हलवला आणि दिवा लख्ख.

"सेन्सर चांगला आहे वं. तुहं सोल्डरिंगच आंधळं आहे," तो हसला.

तो गेला. दोन मिनिटांनी अंधार. खोली रिकामी.

मी स्टुलावर चढून, सेन्सरच्या समोर न येता, भिंतीलगत बाजूनं त्याचा स्क्रू फिरवत राहिले. रडूच यायला लागलं.

"काऊन विझते तो?"

बाबांनी विचारलं. आई गेल्यापासून आपणहून विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

"याले माणूस नाई दिसत, बाबा. अंगाची ऊब हालली तरच कळते. हाललं नाई, त याच्या लेखी तिथं कोणीच नाई."

बोलता बोलता माझाच हात थांबला. बसल्यापासून बाबांनी मांडीवरची माशीसुद्धा उडवली नव्हती. आजच नाही, वैशाखापासून ते असेच बसून होते. बिघाड यंत्रात नव्हताच.

"मंग बराबर सांगते ते," बाबा अंधारातूनच म्हणाले.

"त्या दिवशी तिनं आवाज देल्ला होता. 'अवो, जरा इकडे या ना.' दोनदा. मी इथंच बसून मॅच पाहून राह्यलो होतो. येतो म्हन्लं."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दिवा लागला.

"मी हाललोच नाई, पोरी."